कार्यस्थळावरील दिवाळी : पोस्त, बोनस आणि फराळ

प्रस्तावना :

आश्विन महिना सुरू झाला की महाराष्ट्रातील कार्यालये, कारखाने, बँका आणि महाविद्यालये यांच्या दैनंदिन व्यवहारात एक निराळी लगबग दिसू लागते. खंडेनवमीला यंत्रांना हार पडतात, दसऱ्याला सोने वाटले जाते, कोजागरीला एखाद्या सहकाऱ्याच्या गच्चीवर दूध आटते आणि दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी फराळाचा कार्यक्रम होतो. सणाचा विचार करताना आपण सामान्यतः घर, देऊळ आणि गाव यांचा विचार करतो. नोकरदार माणूस जागेपणाचा सर्वांत मोठा काळ ज्या ठिकाणी घालवितो, त्या कार्यस्थळावरील सणाकडे मात्र 'हौसेचा कार्यक्रम' म्हणून पाहिले जाते आणि त्यामुळे त्याचा अभ्यास करावा असे फारसे कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखात कार्यस्थळावरील दिवाळीचा विचार करावयाचा आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, कार्यस्थळावरील सण म्हणजे त्या आस्थापनेत कोणाचा किती वाटा आहे, याची वर्षातून एकदा होणारी उघड मोजणी होय. पोस्त, बोनस, सानुग्रह अनुदान, भाऊबीज भेट, फराळ हे शब्द वरवर एकाच आनंदाचे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दामागे देणारा आणि घेणारा यांच्यातील एक वेगळे नाते उभे आहे.

खंडेनवमीपासून :

आपल्याकडील कार्यस्थळावरील सणांचा प्रारंभ दिवाळीने होत नाही, तो खंडेनवमीने होतो. शस्त्रपूजेची जुनी प्रथा कारखान्यांच्या युगात यंत्रपूजेच्या रूपाने टिकून राहिली. लेथ, छपाईयंत्र, एस.टी.ची बस, रिक्षा, आता संगणकाचा पडदा. ज्यावर पोट चालते ते त्या दिवशी धुऊन-पुसून स्वच्छ करावयाचे, त्याला झेंडूचे फूल वाहावयाचे, आणि एक दिवस त्याला विश्रांती द्यावयाची. या पूजेत एक गोष्ट लक्षणीय आहे. यंत्राची पूजा प्रायः ते चालविणाराच करतो. मालक वा व्यवस्थापक नारळ वाढवितो हे खरे, परंतु हळद-कुंकवाची बोटे त्या यंत्रावर रोज काम करणाऱ्याची असतात. वर्षातील एवढा एकच दिवस असा की, ज्या दिवशी यंत्र त्याचे असते.

दसऱ्याला आपट्याची पाने 'सोने' म्हणून वाटली जातात. (शहरांत आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने सर्रास विकली जातात, याची आठवण वनस्पतिशास्त्राचे सहकारी दरवर्षी करून देतात आणि दरवर्षी ती दुर्लक्षिली जाते.) सोने लहानाने मोठ्याला द्यावयाचे व नमस्कार करावयाचा, असा घरचा संकेत आहे. कार्यालयात वय आणि पद यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. निवृत्तीला आलेल्या लिपिकाने तिशीतील अधिकाऱ्याच्या हातात पान ठेवताना कोणी कोणाला वाकावयाचे, हा प्रश्न बहुधा दोघांच्याही हसण्यावर सुटतो.

येथे आणखी एका बाबीची नोंद करणे आवश्यक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यामुळे महाराष्ट्रातील मोठ्या समाजघटकाच्या दृष्टीने दसरा हा धम्मचक्र प्रवर्तन दिन आहे. ज्या सहकाऱ्याने शस्त्रपूजा व देवपूजा विचारपूर्वक सोडली आहे, त्याला प्रयोगशाळेतील पूजेला 'सर्वांनी उपस्थित राहावे' अशी सूचना फलकावर लावून बोलाविणे म्हणजे निमंत्रण की आदेश, याचा विचार आयोजकांनी क्वचितच केलेला असतो. तो सहकारी येतो, मागे उभा राहतो, प्रसादाचा पेढा हातात घेतो. कोणाच्या काही लक्षात येत नाही, कारण लक्षात यावे अशी कोणाची अपेक्षाच नसते.

पोस्त आणि बलुते :

सणाच्या निमित्ताने काम करणाऱ्याला काही द्यावयाचे, ही कल्पना कारखान्यांबरोबर आली असे मानण्याचे कारण नाही. मराठीत यासाठी 'पोस्त' हा जुना शब्द आहे. दिवाळी-शिमग्याला गडी-माणसांनी, शिपायांनी, निरोप्यांनी मालकाकडे वा आश्रयदात्याकडे मागावयाची रक्कम म्हणजे पोस्त. आज हा शब्द नव्या पिढीच्या प्राध्यापकांना ठाऊक असेलच असे नाही, परंतु दिवाळीत दारावर येणारा टपालवाला, रखवालदार वा सफाई कामगार 'साहेब, दिवाळी' एवढेच म्हणतो, तेव्हा तो पोस्तच मागत असतो. 'दिवाळी' हे नाम येथे थेट रकमेसाठी वापरले जाते, ही भाषेच्या दृष्टीनेही मोठी बोलकी गोष्ट आहे.

गावगाड्यात बलुतेदारांना खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते मिळत असे आणि त्याखेरीज सणावारी वाढलेले अन्न व इतर मानपान मिळत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे या व्यवस्थेची तपशीलवार चर्चा मराठीत झाली. या व्यवस्थेचे वर्णन करताना परस्परावलंबन, जिव्हाळा इत्यादी शब्द पुष्कळदा वापरले जातात. परंतु घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले असता चित्र बदलते. महारांच्या वाट्याला येणारे सणाचे अन्न पुष्कळदा उरलेले असे, आणि ते दारोदार हिंडून मागावे लागे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत शिळे-उष्टे अन्न सोडण्याचा जो आग्रह डॉ. आंबेडकरांनी धरला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर ध्यानात येतो. सणाच्या अन्नाचे वाटप आणि उरलेल्या अन्नाचे वाटप या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. हा भेद पुढे महाविद्यालयातील फराळाचा विचार करताना पुन्हा उपयोगी पडणार आहे.

गिरणीतील बोनस :

'पोस्त' मागावी लागते. ती देणाऱ्याच्या खुशीवर असते. 'बोनस' हा शब्दही प्रारंभी याच अर्थाचा होता. मुंबईच्या कापड गिरण्यांना पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रचंड नफा झाला आणि त्याच काळात महागाईने कामगारांचे कंबरडे मोडले. १९१७ पासून गिरणीमालकांनी युद्धकालीन महागाईच्या निमित्ताने वेतनावर काही टक्के वाढ देण्यास प्रारंभ केला आणि पुढे काही वर्षे नफ्यातून वार्षिक बोनसही दिला. कामगारांनी तो आपल्या वर्षाच्या हिशेबात धरला. कर्ज, गावची फेरी, मुलीचे लग्न, सर्व काही त्या रकमेच्या आधाराने ठरू लागले. १९२३ सालासाठी बोनस मिळणार नाही असे जाहीर होताच जानेवारी १९२४ मध्ये मोठा संप झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली बोनसविषयक समिती नेमण्यात आली. रूढी, कायदा वा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांना बोनसवर अंमलबजावणीयोग्य हक्क सांगता येत नाही, असा निष्कर्ष समितीने दिला. म्हणजे चार-पाच वर्षे सलग मिळालेली रक्कमही कायद्याच्या दृष्टीने पोस्तच ठरली.

यानंतरचा इतिहास पोस्तीचे हक्कात रूपांतर होण्याचा आहे, आणि तो सरळ रेषेत घडलेला नाही. १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्या गिरण्यांच्याच प्रकरणात एक सूत्र निश्चित केले. नफ्यातून घसारा, भांडवलावरील परतावा इत्यादी वजा जाता जे उरेल त्यात कामगाराचाही वाटा आहे, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. म. रा. मेहेर यांच्या अध्यक्षतेखालील बोनस आयोग १९६१ मध्ये नेमला गेला आणि त्याच्या शिफारशींनंतर १९६५ चा बोनस प्रदान अधिनियम आला. या अधिनियमाने नफा असो वा नसो, किमान बोनस देणे बंधनकारक केले. प्रारंभी तो ४ टक्के होता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तो ८.३३ टक्के झाला, आणीबाणीच्या काळात १९७५ मध्ये पुन्हा खाली आणला गेला, १९७७ मध्ये पुन्हा पूर्ववत झाला. कमाल मर्यादा २० टक्के. २०१५ च्या दुरुस्तीने दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कर्मचारी या कायद्याच्या कक्षेत आले. हा अधिनियम पुढे वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन करण्यात आला व ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. बोनसचे किमान व कमाल प्रमाण तिनेही कायम ठेवले आहे.

या संदर्भात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या एका संदेशाचा परामर्श घेणे इष्ट होईल, कारण तो आपल्या शिक्षक कक्षातही तितक्याच विश्वासाने वाचला जातो. वर्षाचे ५२ आठवडे, चार आठवड्यांचा एक पगार, म्हणून १३ पगार व्हावयास हवेत. इंग्रजांनी मासिक वेतन आणून एक पगार बुडविला. तो 'तेरावा पगार' म्हणजेच दिवाळीचा बोनस आणि ८.३३ टक्के हा त्याचाच हिशेब, असा या संदेशाचा आशय असतो. ८.३३ टक्के म्हणजे वार्षिक वेतनाचा बारावा भाग, हे गणित बरोबर आहे. परंतु बोनसचा उगम जर बुडालेल्या तेराव्या पगारात असता, तर १९६५ च्या कायद्याने किमान प्रमाण ४ टक्के कसे ठेवले असते? गिरण्यांतील वादात युद्धकाळातील नफा आणि महागाई यांची चर्चा आहे. आठवडे आणि महिने यांच्या हिशेबावर तो वाद उभा नव्हता. असे असले तरी हा संदेश लोकांना का आवडतो, हे समजण्यासारखे आहे. त्यात बोनस ही कोणाची मेहेरबानी उरत नाही. आपलेच बुडालेले आपल्याला परत मिळते. इतिहास म्हणून संदेश चुकीचा आहे, भावना म्हणून तो १९२४ च्या संपकऱ्यांच्या अगदी जवळचा आहे.

कायद्यात 'दिवाळी' हा शब्द कोठे आहे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. बोनस देण्याची मुदत लेखावर्ष संपल्यापासून आठ महिने आहे. लेखावर्ष ३१ मार्चला संपत असेल तर ही मुदत नोव्हेंबरअखेर संपते, आणि दिवाळी त्यापूर्वीच येऊन गेलेली असते. म्हणून दिवाळीला बोनस न देणारा मालक कायदा मोडत असेलच असे नाही, परंतु रूढी मात्र मोडतो, आणि कामगारांच्या दृष्टीने दुसरा अपराध अधिक मोठा असतो. सणाच्या निमित्ताने दिल्या जाणाऱ्या रूढीजन्य बोनसचाही न्यायालयांनी स्वतंत्र विचार केला आहे. बंगालमधील पूजा बोनसच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या सुमारास अशी कसोटी सांगितली की, ही रक्कम दीर्घकाळ अखंडपणे, तोट्याच्या वर्षीही, आणि साधारण एकाच प्रमाणात दिली गेलेली असावी. तोट्याच्या वर्षीही दिली गेलेली, ही अट महत्त्वाची आहे. नफ्याच्या बोनसचा हिशेब ताळेबंदावर चालतो. सणाचा हिशेब पंचांगावर.

मुंबईच्या गिरण्यांपुरते बोलावयाचे तर हा विषय शेवटपर्यंत दिवाळीशी बांधलेला राहिला. १९८१ च्या दिवाळीतील बोनसवरून उसळलेला असंतोष हे डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपामागील एक महत्त्वाचे कारण होते. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातील कित्येक घरांच्या दृष्टीने १९८१ ची दिवाळी ही बोनसची शेवटची दिवाळी ठरली.

सानुग्रह आणि भाऊबीज :

शासकीय विभागांमार्फत व स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत चालणाऱ्या आस्थापना बोनसच्या कायद्यातून वगळलेल्या आहेत. म्हणून महानगरपालिका आपल्या कर्मचाऱ्यांना बोनस देत नाहीत, 'सानुग्रह अनुदान' देतात. सानुग्रह म्हणजे अनुग्रहपूर्वक, कृपेने. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आणि कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात त्याला बोनसच म्हटले जाते, पण आदेशात तो शब्द येऊ दिला जात नाही. कारण शब्द आला की हक्क येतो.

याहून सूक्ष्म भेद पुढेच आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०२४ च्या दिवाळीसाठी अधिकारी-कर्मचाऱ्यांना २९,००० रुपये सानुग्रह अनुदान जाहीर केले. त्याच घोषणेत सामुदायिक आरोग्य स्वयंसेविकांना १२,००० रुपये व बालवाडी शिक्षिका आणि मदतनीसांना ५,००० रुपये होते, परंतु त्या रकमेचे नाव होते 'भाऊबीज भेट'. राज्यातील अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही शासनाकडून दिवाळीला मिळणारी २,००० रुपयांची रक्कम याच नावाने मिळते. ज्या स्त्रिया लसीकरणापासून पोषण आहारापर्यंतची कामे करतात, परंतु ज्यांना 'कर्मचारी' म्हणून मान्यता नाही, त्यांना शासन भाऊ म्हणून ओवाळणी घालते. बहीण भावाशी भांडू शकते. न्यायाधिकरणापुढे जाऊन ओवाळणीचे प्रमाण मागू शकत नाही. नात्याच्या शब्दात माया आहे यात शंका नाही, पण तो शब्द येथे ज्या जागी बसविला आहे ती जागा वेतनाची होती.

महाविद्यालयातील फराळ :

आता आपल्या अंगणाकडे यावे. विद्यापीठे आणि शैक्षणिक संस्था १९६५ च्या अधिनियमाने बोनसमधून वगळल्या होत्या आणि वेतन संहितेतही त्या वगळलेल्याच आहेत. अनुदानित महाविद्यालयातील मान्यताप्राप्त पदावरील प्राध्यापकाला याचे दुःख होण्याचे कारण नाही. त्याला सुटीतही पूर्ण वेतन मिळते. परंतु त्याच शिक्षक कक्षात, त्याच टेबलाशी, तासिका तत्त्वावर काम करणारे सहकारी बसलेले असतात. त्यांचे मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांवर ठरते. दिवाळीच्या सुटीत तास नाहीत, म्हणून मानधन नाही. सुटी जितकी मोठी, तितके नुकसान मोठे. एकाच सूचनाफलकावरील 'दिवाळीची सुटी' ही ओळ दोन सहकारी दोन वेगळ्या मनांनी वाचतात.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. एम.फिल. पूर्ण केल्यानंतर सात वर्षे मी तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविले. त्यांपैकी एका ठिकाणच्या पहिल्या दिवाळीत जुलैपासूनचे मानधन हातात आलेले नव्हते. ते पुढे फेब्रुवारीत मिळाले. सुटीपूर्वीच्या शेवटच्या दिवशी शिक्षक कक्षात फराळाचा कार्यक्रम होता. वर्गणी प्रत्येकी तीनशे रुपये, प्राचार्यांपासून माझ्यापर्यंत सर्वांना सारखी. समान वर्गणी म्हणजे समता, अशी संयोजकांची प्रामाणिक समजूत होती. वर्गणी गोळा करणारे ज्येष्ठ सहकारी सज्जन होते. "मॅडम, सावकाश द्या हो, कोण पळून चाललंय," असे ते सर्वांसमोर मोठ्याने म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता यात मला आजही शंका नाही. मी त्या दिवशी डोके दुखत असल्याचे सांगून साडेअकराच्या गाडीने घरी गेले. दुसऱ्या वर्षी मी वर्गणी पहिल्याच दिवशी दिली, आणि ती कोठून आणली हे घरी सांगितले नाही.

पुढे नियमित पदावर आल्यानंतर काही वर्षांतच मी फराळाच्या समितीची सदस्य झाले आणि पहिल्या वर्षी मीही वर्गणीची यादी तशीच केली, सर्वांना सारखी. तासिका तत्त्वावरील एका सहकारी भगिनीने 'घरी पाहुणे आहेत' असे सांगून कार्यक्रमाला येण्याचे टाळले, तेव्हा मला माझी साडेअकराची गाडी आठवली. विस्मरण किती लवकर होते, याचे हे उदाहरण मी स्वतःपुरते नोंदवून ठेवले आहे.

फराळाच्या दिवशीची दुसरी बाब चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांसंबंधीची. आपल्याकडे शिपायांना 'मामा' आणि सफाई करणाऱ्या महिलांना 'मावशी' म्हणण्याची रीत आहे. मामा आणि मावशी ही दोन्ही आजोळची, सर्वांत जिव्हाळ्याची नाती. प्रत्यक्षात फराळाच्या दिवशी टेबले मांडतात मामा, प्लेटा भरतात मामा, चहा फिरवितात मामा, आणि कप विसळतात मावशी. कार्यक्रम संपला की उरलेला चिवडा, तुटलेल्या चकल्या आणि लाडू पिशव्यांत भरून 'मामा, हे मुलांना घेऊन जा' म्हणून दिले जातात. देणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. परंतु वर महाडच्या संदर्भात जो भेद सांगितला तो येथे आठवावा. वाटलेले आणि उरलेले यांतील अंतर एका प्लेटीएवढेच असते. ती प्लेट कार्यक्रमाच्या आधी भरली की नंतर, एवढ्यावर सर्व अवलंबून असते. अलीकडे शिपाई व सुरक्षारक्षक पुष्कळ ठिकाणी ठेकेदारामार्फत नेमलेले असतात. त्यांचा मालक महाविद्यालय नव्हे, ठेकेदार आणि तो दुसऱ्या शहरात. त्यामुळे 'यांना दिवाळीचे काही द्यावयाचे तर कोणी' या प्रश्नाला संस्थेचे उत्तर ठेकेदार असते आणि ठेकेदाराचे उत्तर संस्था असते.

फराळ कोण करते, हाही प्रश्न दुर्लक्षिण्यासारखा नाही. काही विभागांत अशी पद्धत आहे की, पुरुष सहकाऱ्यांनी वर्गणी द्यावयाची आणि महिला सहकाऱ्यांनी घरून पदार्थ करून आणावयाचा. 'तुमच्या हातच्या अनारशांची सर बाजारच्याला नाही' हे कौतुक खरे असते आणि महागही. सत्रान्त परीक्षांच्या उत्तरपत्रिका, घरचा फराळ आणि त्यावर विभागाचा अनारसा. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, पाणी रोज बदलावे लागते, हे कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? महिला बचत गटांकडून फराळ विकत घेण्याचा पर्याय आता सर्वत्र उपलब्ध आहे. त्यात श्रमाला दाम मिळतो आणि सहकारी भगिनीला एक संध्याकाळ मिळते. चवीबद्दल तक्रार होईल, ती होऊ द्यावी.

कार्यस्थळावरील दिवाळीच्या ज्या प्रथा मला निःशंकपणे आवडतात त्यांत दिवाळी अंकांच्या सामायिक वर्गणीचा क्रम वरचा आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. पुष्कळ कार्यालयांत व शिक्षक कक्षांत वर्गणी काढून दहा-पंधरा अंक घेतले जातात आणि पुढे होळीपर्यंत ते टेबलांवरून फिरतात. येथे वर्गणी देणारा आणि वाचणारा यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. आमच्याकडील प्रयोगशाळा सहायक सर्वांत आधी शब्दकोडे पेन्सिलीने सोडवून ठेवतात, ही एकच काय ती तक्रार.

आमच्या महाविद्यालयातील बदल :

गेल्या तीन वर्षांत आमच्या समितीने काही लहान बदल करून पाहिले. ते आदर्श आहेत असा दावा नाही. येथे केवळ नोंद करीत आहे. वर्गणीची यादी फलकावर लावणे बंद केले. त्याऐवजी ग्रंथालयाच्या खिडकीत बंद पेटी ठेवली. ज्याने त्याने आपल्या इच्छेप्रमाणे टाकावे. पहिल्या वर्षी एकूण जमा आधीच्या वर्षापेक्षा कमी आली, दुसऱ्या वर्षी अधिक. कोणी किती दिले हे कळत नसल्यामुळे एक-दोन ज्येष्ठ सहकारी काहीसे नाराज झाले. कार्यक्रम सुटीच्या शेवटच्या दिवसाऐवजी आधीच्या आठवड्यात, तासांच्या वेळेत घेतला, म्हणजे तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना त्यासाठी वेगळे यावे लागत नाही. प्लेटा प्राध्यापकांनी भरावयाच्या आणि मामा-मावशींनी पहिल्या पंगतीला बसावयाचे, असे ठरविले. पहिल्या वर्षी ते बसले नाहीत. "आम्ही मागून घेतो ना मॅडम, तुम्ही बसा," असे म्हणत भिंतीशी उभे राहिले. दुसऱ्या वर्षी प्राचार्य स्वतः चहाची किटली घेऊन उभे राहिल्यावर एक मामा बसले, मग बाकीचे बसले. अवघडलेपण दोन्ही बाजूंना होते आणि ते अद्याप पूर्णपणे गेलेले नाही.

तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांचे ऑक्टोबरपर्यंतचे मानधन सुटीपूर्वी मिळावे, यासाठी देयके दरमहा पाच तारखेच्या आत कार्यालयात पोहोचविण्याची जबाबदारी विभागप्रमुखांवर टाकण्याचा प्रस्ताव आम्ही दिला होता. तो मान्य झाला. देयके आता वेळेवर पुढे जातात. पुढून ती वेळेवर परत येत नाहीत. ठेकेदारामार्फत आलेल्या चार सुरक्षारक्षकांना पेटीतील रकमेतून काही द्यावे काय, आणि दिले तर त्याला काय म्हणावे, यावर गेल्या बैठकीत पाऊण तास चर्चा झाली. 'भेट' हा शब्द एकाने सुचविला, 'बक्षीस' दुसऱ्याने, 'सानुग्रह' कार्यालय अधीक्षकांनी. मराठी विभागातील एका सहकाऱ्याने 'पोस्त' म्हटले तेव्हा अर्धे सभागृह हसले आणि अर्ध्यांनी त्याचा अर्थ विचारला. इतिवृत्तात तूर्त 'रक्कम' एवढाच शब्द लिहिला आहे.